रिकामा कॅन कसा परत द्यायचा

“मिस पोवार, तुमच्या गावात एक बाई दिवसाला पावणेपाच लिटर लघवी करते?”

पुण्यातल्या त्या गारढोण खोलीत डॉ. गद्र्यांनी मला हा पहिला प्रश्न विचारला. ते निवड समितीचे अध्यक्ष. अंगानं काडी, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. त्यांच्या उजव्या हाताला एक मॅडम बसल्या होत्या आणि डाव्या हाताला एक जाडसर गृहस्थ चहात बिस्कीट बुडवत होते.

“एक नाही सर,” मी म्हणाले. “बाराही.”

गृहस्थांचं बिस्कीट चहात पडलं.

ही सगळी भानगड मिठाची होती. त्या संस्थेत मीठ आणि रक्तदाब या विषयावर पीएच.डी. करायला एक जागा निघाली होती. एकच. तीन वर्षं दरमहा फेलोशिप, तपासण्यांचा खर्च संस्थेचा, वर राहायला खोली. मी तेव्हा गारगोटीच्या एका लॅबमध्ये लोकांच्या बाटल्यांवर नावं डकवत होते. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होते, पुढच्या वर्षी अर्जसुद्धा करता आला नसता. घरी मामानं इचलकरंजीचं एक स्थळ तयारच ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. वाईट मुलगा आणतोय असं सांगणारा मामा मला अजून भेटायचाय.

पण मला ती जागा हवी होती ती स्थळ टाळायला नव्हे. माझे बाबा त्रेपन्नाव्या वर्षी जेवता जेवता गेले. डोक्यातली शीर फुटली. रक्तदाब होता हे आम्हाला डॉक्टरनं नंतर सांगितलं, म्हणजे काही उपयोग नसताना. लोकांचे आईबाप जाताना देवाचं नाव घेतात, पोरांना जवळ बोलावतात. आमचे बाबा म्हणाले, “आमटीत मीठ न्हाई,” आणि घास घेतला आणि कलंडले. आम्ही पोवार मंडळी मरतानासुद्धा स्वयंपाकाला नावं ठेवूनच मरतो. हे मी हसत सांगते, पण त्यानंतर वर्षभर मला मिठाची बरणी बघवत नव्हती.

तर अर्जासोबत आपल्या भागात छोटी चाचणी करून दाखवायची अट होती. माणूस दिवसाला किती मीठ खातो ते त्याला विचारून कळत नाही. सगळेच ‘चवीपुरतं’ म्हणतात. चोवीस तासांची लघवी साठवली तर मात्र लपवाछपवी चालत नाही, खाल्लेलं बहुतेक मीठ तिथूनच बाहेर पडतं. मी आमच्या तळेवाडीतल्या बारा बायका गाठल्या, प्रत्येकीला पाच लिटरचा पांढरा कॅन दिला, आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत सगळी यात, म्हणून समजावलं आणि लॅबला पळाले. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, कॅन गळ्यापर्यंत भरलेले! उचलताना माझ्या कमरेत उसण भरली.

अर्जाची मुदत दोन दिवसांवर. मी मोजलं, नमुने तपासले आणि जे आलं ते लिहून पाठवून दिलं.

“बरं, पाणी ओतलं म्हणावं,” गद्रे सर म्हणाले, “तर पाणीही नाही. मूत्रातून क्रिएटिनिन म्हणून एक पदार्थ रोज साधारण ठरलेल्या मापानं बाहेर पडतो. तुमच्या या कॅनमध्ये तो तीन-चार माणसांचा आहे. एका बाईत चार माणसं कशी?”

“दिसलं होतं मला, सर.”

“मग हे आकडे गाळले का नाहीत? बाहेर बसलेल्या बाकीच्या उमेदवारांचे आकडे बघा, कसे धुतल्या तांदळासारखे आहेत.”

“आले ते लिहिले. लॅबमध्ये आम्ही बाटलीत जे असतं तेच लिहितो.”

“आणि हे असं का झालं?”

“माहीत नाही, सर.”

“त्या बायकांना विचारलंत?”

विचारलं नव्हतं. दहावीत असताना गणिताच्या सरांनी फळ्याजवळ उभं केलं होतं, तसं वाटलं. मॅडमनी माझ्याकडे दयेनं बघितलं. हातातलं गेलं, मी मनात म्हटलं, चला इचलकरंजी.

गद्रे सरांनी चष्मा काढून पुसला. “जा आणि विचारा. मग पुन्हा कॅन द्या. येत्या रविवारी कॅन परत येतील तेव्हा मी तिथे असेन. कॅन नीट आले तर पुढचं बोलू. नाही आले तर तुमचा आणि आमचा वेळ वाचला.”

गावात उतरले ती तडक हौसाआत्तीच्या दारात. हौसाआत्ती माझ्या बाबांची चुलत बहीण. गावात बारसं असो की मयत, कुणी कुठं बसायचं आणि काय बोलायचं हे तीच ठरवते. बाकीच्या अकरा बायका तिनंच जमवल्या होत्या. ती उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती.

“झाली का गं पास?” तिनं विचारलं.

“आत्ती, खरं सांग. कॅनमध्ये तुझ्या एकटीचं होतं?”

“माझ्या एकटीचं कसं पुरंल?” ती म्हणाली. “मी दिवसभर जोर लावला तरी निम्मा बी भरंना. मग आमच्या मालकांना सांगितलं, जरा हातभार लावा. थोरल्यानं लावला. सुनंनं लावला. धाकटा लाजत होता, त्याला चार शिव्या घातल्या तवा कुठं गळ्यापर्यंत आलं.”

“अगं पण मी सांगितलं होतं, तुझं एकटीचं म्हणून!”

“सांगितलं होतंस. खरं निम्मं भांडं परत कसं द्यायचं? तुझ्या आईनं प्रत्येक कॅनला शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी बांधून दिली. तू भरल्या हातानं आलीस आणि आमी निम्मा कॅन तुझ्या हातात ठेवायचा? बरं दिसतं व्हय? आणि तुझी परीक्षा. म्हटलं, जेवढं जास्त तेवढे मार्क.”

मी तिथंच फतकल मारून बसले. हसू की रडू कळेना. आमच्याकडं शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची. माझ्या आईला तर रिकामे कॅन घेऊन लोकांच्या दारात जाणंच अपशकुनी वाटलं होतं, म्हणून तिनं रात्रीच्या रात्री लाडू वळले होते. बाराच्या बारा घरांनी त्या लाडवांची परतफेड केली होती, तीही हात आखडता न घेता.

“आत्ती, परत करायचंय सगळं,” मी म्हणाले. “आणि या वेळी फक्त बाईचं एकटीचं. कॅन निम्मा असू दे, पाव असू दे. पुण्याचे साहेब स्वतः येणार आहेत.”

“साहेब येणार?” आत्तीचा हात थांबला. “आणि साहेबाच्या म्होरं निम्मा कॅन? तळेवाडीच्या बायका चिक्कट म्हणून पुण्यात नाव करतीस व्हय आमचं? ते जमायचं न्हाई.”

“अगं, माझी जागा जाईल!”

“तुझी जागा जाईल, आमची अब्रू जाईल. बसू आता दोघी गळ्यात गळं घालून.”

घरी आले तेव्हा आई चुलीपाशी होती. मी भडाभडा सगळं सांगितलं. मग तिच्यावरच घसरले, “तुला कुणी सांगितलं होतं लाडू बांधायला?”

“मग काय मोकळा कॅन नेणार होतीस लोकांच्या दारात? मुतायचा?” आई म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मी रागानं भिंतीकडं बघत बसले. तिथं फळीवर दुसऱ्यांची भांडी रांगेनं पालथी घातलेली होती. शांताकाकूची वाटी, मळ्यातल्या वहिनीचा डबा, आत्तीचं पातेलं. त्यात घालून द्यायला काही बरं होईपर्यंत ती परत जात नसत, काही तर दिवाळीपासून पडून होती. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

“आई, लाडू अजून करशील?”

“आणि? पुन्हा कॅनला बांधू?”

“कॅनला नको. वेगळ्या डब्यात घालू. प्रत्येकीला कॅन वेगळा, डबा वेगळा. डबा वाट्टेल तेवढा भरून परत द्या, शीग लावून द्या. कॅन मात्र आहे तसा.”

आई माझ्याकडं बघत राहिली. “एवढं डोकं होतं तर पैल्यांदा कुठं ठेवलं होतंस?”

शनिवारी सकाळी मी बारा कॅन आणि बारा डबे घेऊन घरोघर फिरले. हौसाआत्तीनं आधी डबा उघडून लाडू बघितला, मग कॅन खालून वरून बघितला. “म्हंजे मान डब्याचा. आणि ह्यो आपला असाच.”

“हा असाच.”

“मग सरळ बोलायचं की गं! आमच्या मालकांना उगा जागरण घडवलंस त्या दिवशी.”

रविवारी गद्रे सर आले. सोप्यात आईनं त्यांच्यासाठी खुर्ची टाकली, वर धुतलेली चादर. मी सतरंजीवर वही उघडून बसले होते. एकामागून एक बायका येऊ लागल्या. कॅन पदराखाली, बाजाराच्या पिशवीत, एकीनं तर नातवाच्या दप्तरात लपवलेला. डबा मात्र सगळ्यांसमोर दोन्ही हातांत धरलेला, देवाला नैवेद्य आणावा तसा. खर्डा, कुरड्या, सांडगे, लोणचं, शेंगांची चटणी. सरांच्या पायाशी डब्यांचा ढीग लागला. मिठाचा अभ्यास करायला आलेल्या माणसापुढं अख्ख्या तालुक्याचं मीठ येऊन पडलं.

सर मात्र कॅन बघत होते. पहिला उचलला, निम्म्याच्या आत. दुसरा, तिसरा, तसेच. एक तर तळालाच. ज्या बाईचा तो होता ती शरमेनं भिंतीकडं तोंड करून उभी होती.

“सुंदर!” सर ओरडले. “अतिशय सुंदर!”

त्या बाईनं डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. तिच्या नवऱ्यानं तिच्या कुठल्याच गोष्टीला आजवर सुंदर म्हटलं नसावं. हौसाआत्ती कानात पुटपुटली, “शिकलेली माणसं कशावर खूश होतील, काय नेम न्हाई.”

माझा जीव भांड्यात पडला. जागा माझीच, असं मला वाटलं. आणि मग जेवणाची पानं मांडली.

आईनं भाकरी, वांग्याचं भरीत आणि आमटी वाढली. बायका दारात दाटीवाटीनं उभ्या, साहेब कसा जेवतो ते बघायला. सरांनी खर्डा चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणखी घेतला. म्हणाले, “घरी बायको यातलं काही देत नाही हो. दोन गोळ्या चालू आहेत माझ्या ब्लडप्रेशरच्या.” मग आमटीचा भुरका मारला आणि अगदी सहज, हात पुढं करून म्हणाले, “वहिनी, आमटीत मीठ जरा कमी आहे. वरून घाला पाहू थोडं.”

आत्तीनं फळीवरची मिठाची वाटी आईच्या हातात दिली. आई ती घेऊन तशीच थांबली.

बाबांचे शेवटचे शब्दही हेच होते. मला एकदम त्यांचं ते अर्धवट पान दिसलं. सरांचा हात पुढं आलेला. आत्ती मागून खुणावत होती, वाढ की गं. पाहुणा आपल्या दारात मीठ मागतोय आणि बाई उभीच. आमच्याकडं एवढ्यावरून सोयरिकी मोडल्यात.

“न्हाई वाढणार,” आई म्हणाली.

“अं?”

“न्हाई वाढणार मी. पायजे तर उठून जावा.”

मी ओरडले, “आई!” गेली जागा. तीन वर्षं, खोली, फेलोशिप, सगळं त्या वाटीपायी गेलं. मला तिचा इतका राग आला की सरांसमोर रडू फुटेल असं वाटलं.

आई सरांशीच बोलत होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. “हिच्या बाबानं असंच मागितलं. मी दिलं वाढून. चांगलं चिमूटभर. त्यांनी कालवलं, घास घेतला आणि गेले. एवढी वर्षं झाली, मला कुणी सांगंना, त्यानंच गेले का. पोरगीला इचारायचं धाडस होईना. ती ह्या मिठाचं शिकाय लागल्या, म्हटलं कधीतरी तिचं तिलाच कळंल आणि ती सांगंल. तवर मी कुणाच्या पानात वरनं मीठ वाढत न्हाई.”

मला यातलं काही माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी अंगणात होते, मिठाचं ते बोलणं तेवढं कानावर आलं, मग पडल्याचा आवाज ऐकून धावत आले ते थेट त्यांच्या डोक्यापाशी. आणि आई आजवर तो घास एकटीच उरात घेऊन फिरत होती. आमच्या घरात पापड, लोणचं, सगळ्याला मीठ मोजूनमापून पडत होतं, पण वरून मीठ कुणी घेतलेलं मला आठवेना. मी कधी विचारलं नाही. बारा बायकांच्या पोटातलं मीठ मोजायला निघालेली मी.

“आई,” मी म्हणाले. “एका चिमटीनं माणूस जात न्हाई गं. वर्षानुवर्षं वाढत गेलं असणार. आपण कधी मापलंच न्हाई त्यांचं बीपी. तुझ्या हातनं काय झालं न्हाई.”

“खरं सांगतेस? का मला बरं वाटावं म्हणून?”

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, “वहिनी, ती बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही. आमच्यासमोर तिनं पावणेपाच लिटर सांगितले.”

दारातल्या बायका खदखदून हसल्या. आईपण हसली, पदरानं डोळे पुसत. सरांनी पुढं आलेला हात मागं घेतला आणि ती आमटी तशीच, शेवटच्या भुरक्यापर्यंत संपवली. मीठ पुन्हा मागितलं नाही. जागेबद्दलही बोलले नाहीत. गाडीत बसताना आईनं त्यांच्या हातात लाडवांचा एक मोठा डबा ठेवला, बाबांचा तालमीतला, पितळी कड्यांचा. “डबा तेवढा परत पाठवा,” असं बजावलं. तुमच्या पोरीचं भविष्य ज्याच्या हातात आहे त्याला कुणी असं बजावतं का? आमची आई बजावते.

मग नुसती वाट बघणं आलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी लॅबमध्ये नावं डकवत होते. मामा इचलकरंजीचा फोटो दाखवून गेला, मुलाच्या मिशा बऱ्या होत्या. आई फक्त डब्याची चौकशी करायची. “एवढा शिकलेला माणूस, डबा दाबून बसला बग.”

एका दुपारी कुरिअरवाला खोकं घेऊन आला. वर पुण्याचा पत्ता. आईनं माझ्या हातातून ते ओढून घेतलं आणि विळ्यानं फाडलं. आत बाबांचा डबा, घासूनपुसून लख्ख.

“आला एकदाचा,” ती म्हणाली आणि झाकण उघडलं.

तळाशी निळ्या दोरीचं एक ओळखपत्र पडलं होतं. वर माझा अर्जातला फोटो, ज्यात मी खून करून आल्यासारखी दिसते. खाली लिहिलं होतं, राजश्री पोवार, संशोधक विद्यार्थिनी. मला वाचताच येईना, अक्षरं हलायला लागली. मी नुसती “आई, आई” करत राहिले.

आईनं कार्ड बाहेर काढलं. मग डबा उलटा करून आपटला, आतून हात फिरवला, उजेडाकडं धरून बघितला.

“एवढंच?” ती म्हणाली. “एवढा डबाभर लाडू दिले आणि ह्या एवढ्याशा कार्डावर भागवलं? चिमूटभर साखर तरी घालायची!”

“अगं, जागा मिळाली मला! झाले मी पास!”

“ते कळलं मला. मी काय येडी हाय?” तिनं कार्ड पदरानं पुसलं, दोनदा पुसलं. मग ती बाबांच्या फोटोपुढं गेली आणि निळी दोरी फोटोच्या खिळ्याला अडकवली, कार्ड बरोबर बाबांच्या छातीवर येईल असं. जरा मागं सरकून तिनं दोघांना बघून घेतलं.

“हं,” ती बाबांना म्हणाली. “आता मीठ पायजे असंल तर पोरीला इचारा.”